घरट्यांची छायाचित्रे छापू नयेत, ही विनंती

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या दैनिकात कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या कोरड्या पडलेल्या पात्रातील टिटवीच्या घरट्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. खड्यांमध्ये मांडल्यासारखी चार अंडी, मागे दूरवर पाण्याची रेघ आणि खाली ओळ : ‘टिटवीने घातली चार अंडी, यंदा चार महिने पावसाचे संकेत’. छायाचित्र उत्तम होते. ते एका वाचकाने पाठवले होते आणि तलावाच्या कोणत्या बाजूला हे घरटे आहे, हेही त्याखाली दिले होते. त्या छायाचित्राबद्दल, त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी तिथे जे पाहिले त्याबद्दल आणि माझ्या स्वतःच्या एका जुन्या चुकीबद्दल लिहिण्यासाठी हे पत्र आहे.

मी मंगळवार पेठेत राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि गेली बारा-तेरा वर्षे पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. रविवारी पहाटे सव्वापाचला दुचाकी काढायची, संभाजीनगर ओलांडून गारगोटी रस्त्याने कळंब्याला पोहोचायचे आणि ऊन चढण्यापूर्वी परत फिरायचे, हा बहुतेक रविवारचा क्रम असतो. उन्हाळ्यात साडेआठनंतर जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठू लागतात आणि लांबच्या पक्ष्यावर कितीही नेमका फोकस केला तरी चित्र थरथरल्यासारखे येते. त्यामुळे जे काही मिळते ते सहा ते आठ या दोन तासांत मिळते.

त्या रविवारीही मी उजाडतानाच बांधावर पोहोचलो. हिवाळ्यातले पाहुणे मार्चअखेरीसच निघून गेले होते, तरीही तलाव रिकामा नव्हता. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, नदी सुरयांची एक जोडी पाण्यावरून येरझाऱ्या घालत होती, कवड्या खंड्या एकाच जागी हवेत पंख फडफडवत थांबून खाली पाहत होता आणि टिबुकल्या बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येत होत्या. म्हशींच्या मागे गायबगळे चालत होते. पलीकडच्या झाडीतून पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत होता. पाणी मागे सरून उघड्या पडलेल्या भेगाळ गाळावर शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांवर जपून पावले टाकत होते. ज्यांनी मे महिन्यातला कळंबा कधी पाहिला नाही त्यांना तो ओसाड वाटेल. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी हे उघडे पडलेले पात्र म्हणजे बाळंतपणाची खोली असते.

छायाचित्रात दाखवलेली जागा शोधायला मला श्रम पडले नाहीत. चिखलाच्या कडेने तिथपर्यंत मळलेली पायवाट तयार झाली होती. वाटेच्या टोकाला सात-आठ जण उभे होते, त्यांतल्या तिघांकडे मोठे लेन्स होते, बाकीच्यांकडे मोबाइल. घरटे चटकन सापडावे म्हणून कोणीतरी भोवती विटांचे तुकडे गोलाकार मांडून ठेवले होते. अंड्यांशेजारची वाळकी गवताची काडी चित्रात आडवी येते म्हणून उपटलेली दिसत होती. एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते आणि त्यांच्या खिशात आपल्या दैनिकातले ते कात्रण होते. कोणाच्याही मनात त्या पक्ष्याबद्दल वाईट भावना नव्हती, हे मला आवर्जून नमूद करायचे आहे. सगळे कौतुकानेच आले होते. आणि टिटवी त्यांच्या डोक्यांवरून घिरट्या घालत, अखंड ओरडत होती.

इथे थोडे टिटवीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण हा पक्षी आपल्या इतका परिचयाचा आहे की त्याच्याकडे नीट पाहायचे आपल्याकडून राहून जाते. टिटवी घरटे बांधत नाही. जमिनीवर पायाने आणि छातीने उथळ खळगा करते, भोवती खडे किंवा शेळीच्या लेंड्या गोळा करते आणि त्यात अंडी घालते. अंड्यांचा रंग मातकट आणि त्यावर काळसर ठिपके असे असतात की दोन पावलांवरूनही ती खडे वाटतात. नर आणि मादी आळीपाळीने बसतात आणि जवळजवळ चार आठवडे हे काम चालते. पिल्ले अंड्यातून बाहेर आली की काही तासांत चालू लागतात आणि पालकांचा इशारा ऐकताच जमिनीला चिकटून निश्चल होतात. म्हणजे या पक्ष्याचे सारे संरक्षण एकाच गोष्टीवर उभे आहे : न दिसणे. छायाचित्र नेमके तेच काढून घेते.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपण ‘अंडी उबवणे’ म्हणतो आणि त्यामुळे पक्षी अंड्यांना केवळ ऊब देतो असे आपल्या मनात बसलेले असते. मे महिन्यातल्या दुपारी टिटवी अंड्यांना ऊब देत नसते, सावली देत असते. हवेचे तापमान सदतीस अंश असेल तेव्हा उघडी जमीन त्याहून कितीतरी अधिक तापते आणि अंड्यातला जीव ते सहन करू शकत नाही. म्हणून ती पाण्यापर्यंत जाते, पोटाची पिसे भिजवते, परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते आणि हे दिवसातून अनेकदा करते. माणसे घरट्याशी उभी असतात तोवर तिला यांतले काहीच करता येत नाही. आपण तिथे दहा मिनिटे थांबतो आणि निघून जातो. पण आपल्यामागून दुसरा येतो, त्याच्यामागून तिसरा, आणि प्रत्येकाला आपण फक्त दहा मिनिटेच थांबलो असे प्रामाणिकपणे वाटत असते.

मी तिथल्या मंडळींना हे सांगितले. मला वाद होण्याची भीती होती, पण एकानेही वाद घातला नाही. विटांचे तुकडे आम्ही उचलून दूर नेऊन टाकले आणि सगळे साठ-सत्तर पावले मागे येऊन बांधाच्या उतारावर खाली बसलो. अकरा मिनिटांनी टिटवी उतरली. ती थेट घरट्याकडे गेली नाही. आधी बऱ्याच अंतरावर उतरून थोडे पळाली, थांबली, मान उंचावून पाहिले, उलट दिशेला चालली, काही टिपल्यासारखे केले आणि मग वळसा घेऊन अंड्यांपाशी आली. तिच्या पोटाची पिसे ओली होऊन चिकटलेली माझ्या लेन्समधून स्पष्ट दिसत होती. त्या मुलीला मी कॅमेऱ्यातून पाहायला दिले. पक्षी अंड्यांवर बसताना अंगाखाली त्यांना हलकेच सरकवतो, ते तिने मी न सांगताच ओळखले. तिच्या वडिलांनी मग विचारले, “काका, पेपरात हे का लिहीत नाहीत?” त्या प्रश्नामुळेच मी हे पत्र लिहायला बसलो.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेलो तेव्हा खळगा रिकामा होता. पिल्ले बाहेर पडण्याइतके दिवस झालेले नव्हते आणि टरफलाचा तुकडाही जवळपास नव्हता. कुत्रा, मुंगूस, कावळा, माणूस, कोणीही अंडी नेली असतील आणि आपल्या छायाचित्रामुळेच असे झाले असा आरोप मी करत नाही. जमिनीवरची पुष्कळ घरटी माणसाचा पायही न लागता नष्ट होतात. परंतु आठवडाभरात तिथपर्यंत मळलेल्या पायवाटेने शोधणाऱ्याचे काम सोपे केले, हे मला नाकारता येत नाही. माणसे कुठे घोळका करतात याकडे कावळ्याचे बारीक लक्ष असते, हे आपण प्रत्येक जण रोज पाहतो.

आता माझ्या चुकीविषयी. २०१४ साली मी पहिल्यांदा सहाशे मिलिमीटरपर्यंतचा झूम लेन्स घेतला. त्याच उन्हाळ्यात एका तलावाकाठी मला शेकाट्याचे घरटे सापडले. मी पोटावर सरपटत जवळ गेलो आणि मनसोक्त छायाचित्रे घेतली. पक्षी चोच उघडून, पंख अर्धवट उचलून, पाण्यातून माझ्याकडे येत होता, परत फिरत होता, पुन्हा येत होता. मला ते नृत्य वाटले. त्यांतले एक चित्र एका स्थानिक प्रदर्शनात लागले आणि त्याचे कौतुकही झाले. काही वर्षांनी जुनी चित्रे संगणकावर लावताना मी त्या दिवशीची सगळी मालिका पहिल्यांदा क्रमाने पाहिली. कॅमेरा प्रत्येक चित्राची वेळ नोंदवतो. पहिले चित्र सात वाजून बारा मिनिटांचे होते, शेवटचे सात अठ्ठावन्नचे. मधल्या दोनशेहून अधिक चित्रांपैकी एकाही चित्रात पक्षी अंड्यांवर बसलेला नव्हता. सेहेचाळीस मिनिटे मी त्याला त्याच्या घरी जाऊ दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलोही नव्हतो, कारण मला हवे ते मिळाले होते. ते चित्र मी नंतर कुठेही दिले नाही. मात्र ते पुसूनही टाकले नाही. नवीन कोणी पक्ष्यांच्या छायाचित्रणाकडे वळले की मी त्यांना ती मालिका वेळेसकट दाखवतो.

महोदय, हौसेची ही साधने आता पुष्कळ हातांत आली आहेत आणि ते चांगलेच आहे. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि ज्या शहराने त्या कॅमेऱ्याचे स्मारक उभारले, तिथल्या तरुणांनी कॅमेरा हातात घेऊन तलावाकाठी जावे यात मला आनंदच आहे. पण वृत्तपत्रात नावासह छायाचित्र छापून येणे ही आपल्याकडे अजूनही मोठी गोष्ट आहे. आपण जे छापता, तेच काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दहा जण जातात. आपण घरट्यांची, अंड्यांची, चोच वासून बसलेल्या पिल्लांची छायाचित्रे छापत राहिलात, तर ती काढली जाणारच. आपण ती छापणे थांबवलेत, तर निदान एक मोठे कारण नाहीसे होईल. आपल्या देशातील अनेक वन्यजीव छायाचित्र स्पर्धांनी घरट्यांवरची चित्रे स्वीकारणे याच कारणासाठी बंद केले आहे. यात कायद्याचाही प्रश्न आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. कॅमेरा घेऊन जाणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसते; मलाही २०१४ साली ठाऊक नव्हते.

छायाचित्राखालच्या पावसाच्या ओळीबद्दलही लिहिणे भाग आहे. टिटवीची अंडी आणि पाऊस यांचा संबंध आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या जोडला गेला आहे आणि त्या समजुतीची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. उलट, नांगरताना टिटवी ओरडत उठली की औत थांबवून, अंड्यांभोवतीचा तेवढा तुकडा न नांगरता सोडणारे शेतकरी मी करवीर तालुक्यात पाहिले आहेत. त्यांची ती रीत आम्हा छायाचित्रकारांनी शिकण्यासारखी आहे. पण टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, क्वचित तीन. ही संख्या तिच्या जातीची आहे, त्या वर्षीच्या पावसाची नाही. माझ्या वहीत २०१९ च्या मे महिन्यातल्या घरट्याची नोंद आहे : चार अंडी. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने निम्मे शहर पाण्यात होते. २०२३ ची नोंदही चारच अंड्यांची आहे आणि त्या वर्षी ऑगस्टभर पावसाने दडी मारली होती. पावसाच्या अंदाजासाठी भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये पहिला आणि मेअखेरीस सुधारित अंदाज देतो. तो आपण छापताच. टिटवीची अंडी मोजायला दरवर्षी माणसे घरट्यापर्यंत जावीत, यासाठी मात्र आपल्या बातमीने निमित्त देऊ नये.

घरट्यांखेरीजही काही गोष्टी बोचतात. हिवाळ्यात उडत्या थव्याचे चित्र मिळावे म्हणून बदकांवर दगड टाकणारे मी पाहिले आहेत. थापट्या आणि भुवई बदकांसारखे पक्षी हिमालयापलीकडून आलेले असतात आणि परतीच्या प्रवासासाठी इथे खाऊन अंगात चरबी साठवत असतात; विनाकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्या साठ्यातून वजा होते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला झुडपाबाहेर काढण्याची सवयही वाढली आहे. विणीच्या काळात नराला तो आवाज म्हणजे हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो खाणे, चारणे सोडून त्याच्या शोधात फिरत राहतो. ड्रोनविषयी वेगळे लिहायची गरज नसावी.

नव्याने छायाचित्रण करू इच्छिणाऱ्यांची यात अडचण होईल, असे कोणी म्हणेल. तशी ती होत नाही. रंकाळ्याच्या पदपथावर रोज शेकडो माणसे फिरतात, त्यामुळे तिथल्या ढोकऱ्या, बगळे आणि जांभळ्या पाणकोंबड्या माणसाला सरावलेल्या आहेत. पदपथावरूनच, एक पाऊलही खाली न उतरता, त्यांची सुंदर चित्रे मिळतात. चारचाकी असलेल्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून खिडकीतून चित्रे घ्यावीत, कारण चालत येणाऱ्या माणसाला पक्षी जितके बिचकतात तितके उभ्या गाडीला बिचकत नाहीत. खाणारा, पोहणारा, पिसे साफ करणारा पक्षी हा घरट्यावरच्या भेदरलेल्या पक्ष्यापेक्षा किती वेगळा दिसतो, हे दोन-चार सकाळी शांत बसल्यावर कोणालाही कळते. पक्ष्याने खाणे थांबवून आपल्याकडे मान वळवली की आपण पुरेसे जवळ आलो आहोत. तो ओरडू लागला की आपण फार जवळ आलो आहोत. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ होते.

आपल्याकडे माझे मागणे असे आहे. पक्ष्यांची छायाचित्रे आपण जरूर छापावीत, आजच्यापेक्षा अधिक छापावीत. परंतु घरटे, अंडी आणि उडता न येणारी पिल्ले यांची छायाचित्रे स्वीकारणार नाही, असे आपल्या दैनिकाने एकदा स्पष्ट जाहीर करावे. विणीच्या काळातल्या कोणत्याही छायाचित्राखाली नेमकी जागा देऊ नये. ‘कोल्हापूर परिसर’ एवढा उल्लेख पुरेसा आहे. जखमी किंवा घरट्यातून पडलेल्या पिल्लाची बातमी द्यावी लागली, तर त्यासोबत वनविभागाला कळवण्याची सूचना असावी. आणि वाचकांच्या छायाचित्रांसाठी एखादे विशेष पान काढायचे असेल, तर त्यासाठी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा योग्य आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. तोवर जमिनीवरची बहुतेक वीण संपलेली असते, तलाव भरलेले असतात आणि उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागलेले असतात. त्या पानासाठी रंकाळा आणि राजाराम तलावावरची माझी काही चित्रे मी आनंदाने पाठवीन.

मे संपत आला आहे. कळंब्याच्या पात्रात अजून किमान दोन टिटव्या अंड्यांवर बसलेल्या आहेत आणि शेकाट्यांची एक जोडीही जागा धरून आहे. त्या कुठे आहेत, ते मी या पत्रात लिहीत नाही. येत्या रविवारच्या अंकात ही विनंती छापून आली, तर पाऊस येण्याआधीचे उरलेले दिवस त्यांना निवांत मिळतील.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर